नाडी इथं, सल्ला परळचा

पत्रानं सल्ला मागायचा तो रेंगाळणाऱ्या आजारांचाच. हर्निया अडकला, बाळंतीण अडली, माडावरून माणूस पडला, तर कोणी पत्र लिहीत बसत नाही. हात धुवायचे आणि कामाला लागायचं. पण सहा महिने वजन घटतंय, पोटात अधूनमधून कळ येते, अंगावर सूज चढते-उतरते, असले रोगी आले की खेड्यातल्या सर्जनची पंचाईत होते. कापण्यासारखं काही असेल तर त्याला समजतं. कापावं की नाही, आणि कापायचं तर कधी, यासाठी त्याला एखादा शहाणा फिजिशियन लागतो. माझा फिजिशियन परळला होता, म्हणजे रातराणीनं अख्ख्या रात्रीच्या अंतरावर. तो सल्ला मागवायचा आणि अमलात आणायचा म्हणजे काय, ते एका रोग्याच्या निमित्तानं सांगतो.

साल १९८२. आदल्या वर्षी १ मेला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला होता. जिल्हा नवा झाला तरी रस्ते, वीज आणि टपाल जुनंच होतं. कणकवलीच्या पट्ट्यात माझं छोटं रुग्णालय होतं. रक्तपेढी नाही, भूलतज्ज्ञ नाही, आणि ट्रंक कॉल लावला तर तो लागेपर्यंत रोगी बरा तरी व्हायचा किंवा हाताबाहेर तरी जायचा. सरांचा आधार पत्राचाच. ते परळला मेडिसिनचे प्राध्यापक होते आणि आमच्या विद्यार्थिदशेत सर्जनांची यथेच्छ टिंगल करायचे. गावी दवाखाना थाटल्यावर मी त्यांना पहिलं पत्र भीतभीतच टाकलं होतं. उत्तर आलं, त्यात एकही टोमणा नव्हता. प्रश्न मात्र पानभर होते.

पत्रं दोन वाटांनी जायची. एक टपालाची. दुसरी चाकरमान्यांची: संध्याकाळच्या मुंबई गाडीला गावातला कोणी ना कोणी असायचाच, आणि लालबाग-परळ म्हणजे आमच्या माणसांचं दुसरं गाव. पाकीट हातात दिलं की दुसऱ्या दिवशी ओपीडीत सरांच्या टेबलावर. पण त्या वर्षी ही दुसरी वाट आटली. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि शिमग्याला आलेले चाकरमानी शिमगा संपला तरी गावातच राहिले. परत जाऊन खाणावळीचे पैसे कुठून भरायचे?

अशाच एका संपवाल्यानं आपल्या बायकोला मे महिन्यात माझ्याकडे आणलं. बाई चाळिशीच्या आसपासची, किडकिडीत. गळ्याला गाठ होती ती कित्येक वर्षांची. लग्नात सुद्धा होती म्हणे. तक्रार गाठीची नव्हतीच. "रात्री झोप येणा नाय, छातीत धडधडता," एवढंच. घाटी चढताना दम लागायचा. वर्षभरात पोलकी ढिली झाली होती. नाडी ११२. हात गरम आणि ओलसर, पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला तर कागदाची कडा थरथरायची. गलगंड मोठा, खडबडीत, उजवीकडे जास्त. डोळे बाहेर आलेले नव्हते, गाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तर घुरघुर ऐकू येत नव्हती.

थायरॉइड वाढलेला आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तो विषारी झालाय का? म्हणजे जास्तीचं संप्रेरक रक्तात ओततोय का? की घरात पैसा नाही, नवरा बेकार, डोक्यावर वाण्याची उधारी, म्हणून ही धडधड? त्या उन्हाळ्यात माझ्याकडे धडधडीच्या बायका बऱ्याच येत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या गळ्याला काहीही नव्हतं.

सरांना लिहिलं. माझी पत्रं इंग्रजीत असत, खाली कार्बन पेपर घालून, कारण उत्तर येईपर्यंत आपण काय विचारलं होतं हे विसरायला होतं. अठराव्या शतकात एडिनबरोत विल्यम कलन नावाचा मोठा वैद्य होता, तो पत्रावरच दूरदूरच्या रोग्यांना सल्ला द्यायचा. गावोगावचे सर्जन आणि औषधविके त्याला रोग्याची हकिकत लिहून पाठवत, आणि तो रोगी न पाहता पथ्यपाण्यासकट उपचार कळवायचा. उत्तरांच्या नकला ठेवायला त्यानं १७८१ पासून जेम्स वॉटचं नकला काढायचं यंत्र वापरलं. वाफेच्या इंजिनाचा तोच वॉट. हे मी खूप नंतर वाचलं, आणि माझ्या निळ्या कार्बन कागदांना एकदम घराणं लाभल्यासारखं वाटलं.

सरांचं उत्तर आलं त्यात निदान नव्हतं. एक तक्ता होता, स्वतःच्या हातानं रेघा मारून काढलेला. वेन इंडेक्स. ग्लासगोला प्रोफेसर वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हा काढला: प्रत्येक लक्षणाला गुण, असलं तर अधिक, काहींना नसलं तर उणे. १९ च्या वर बेरीज गेली तर थायरॉइड विषारी, ११ च्या खाली आली तर नाही, मधली असली तर संशय. हार्मोनची तपासणी जिथं होत नाही तिथल्या डॉक्टरासाठी पत्रातून पाठवता येण्याजोगी प्रयोगशाळाच ती.

शेजारी सरांनी लिहिलं होतं: झोपेतली नाडी मोजा. घोर लागलेल्या माणसाची नाडी झोपेत खाली येते, विषारी थायरॉइडवाल्याची येत नाही. दमा आहे का? पाळी कशी आहे, दिवस गेलेले नाहीत ना? छातीचा आणि मानेचा एक्स-रे काढा, श्वासनलिका कुठं आहे ते कळवा. आणि रक्त घेऊन सीरम (गोठल्यावर सुटणारं पाणी) वेगळं करा, कोणाबरोबर तरी पाठवा. टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, टिकाऊ आहे, प्रवासात मरत नाही.

बाईला दोन रात्री ठेवून घेतलं. झोपेतली नाडी मोजणं सोपं काम नव्हे, कारण मनगट धरलं की माणूस जागा होतो आणि नाडी वाढते. आमच्या सिस्टरनं युक्ती काढली. संध्याकाळपासून ती बाईच्या खाटेशी बसून हात हातात घेऊन गप्पा मारत राहिली, आणि बाईला डोळा लागला तरी हात सोडलाच नाही. कंदिलाच्या उजेडात घड्याळ धरून मोजलेला आकडा तिनं पाटीवर लिहून ठेवला होता: १०४. दुसऱ्या रात्री १००.

तक्ता भरायला बसलो. घाटी चढताना दम, अधिक १. धडधड, अधिक २. वजन घटलं, अधिक ३. गाठीवर घुरघुर नाही, उणे २. सगळं जमवून बेरीज १७ झाली. म्हणजे संशय. उरले दोन रकाने: घाम फार येतो का, आणि थंडी आवडते की उष्णता. थंडी आवडत असेल तर सरळ अधिक ५, तक्त्यातले सगळ्यांत जास्त गुण. आता हा प्रश्न ग्लासगोच्या हवेत ठीक आहे. मे महिन्यात कोकणात कोणाला थंडी आवडत नाही? मला स्वतःलाही पाच गुण द्यावे लागले असते. घामाचं तर बोलायलाच नको.

नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता, तो शिमग्याला आलेला, त्यानं थंडी बघितलीच नव्हती. म्हातारी सासू बरोबर होती, ती कोपऱ्यातून म्हणाली, "आमी सगळी थंडयेत चुलीकडे बसतव, आणि ही खळ्यात वाऱ्याक जावन बसता." मग गोधडी? गोधडी तिनं घेतलीच नव्हती. आणि पौषात पहाटे पाणी भरताना पाठ घामानं भिजलेली असायची. आठ गुण सासूनं दिले. बेरीज २५.

एक्स-रेचं काय करायचं? फिल्म टपालात घालायला मन घेईना. वाकेल, हरवेल. फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवली, वर पतंगाचा पातळ कागद धरला आणि पेन्सिलीनं मणके, गळपट्टीची हाडं आणि श्वासनलिका गिरवून काढली. नलिका डावीकडे चांगलीच सरकलेली होती, एका जागी चपटलेलीही. कागदाच्या कोपऱ्यात उ आणि डा लिहिलं, घडी घालून पत्रात टाकली. सीरमची बाटली कापसात गुंडाळून, थर्मासमध्ये बर्फ घालून, एसटीच्या कंडक्टरच्या ओळखीनं गेली. आंब्याची एक पेटीही गेली. सर फी घेत नसत.

टी-फोरचा रिपोर्ट सावकाश आला: २१, नॉर्मलची वरची हद्द साधारण १२. पण त्याआधीच, तक्ता आणि झोपेतली नाडी वाचून, सरांचं पत्र आलेलं होतं. उपचार सुरू करा, रिपोर्टासाठी थांबू नका. थायरॉइडला आवरायला कार्बिमॅझोल १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, धडधड आवरायला प्रोप्रॅनोलॉल ४० मिलिग्रॅम तीनदा. पत्राच्या शेवटी, नेहमीप्रमाणे, दोन ओळी मराठीत: "पेटी मिळाली. वरच्या थरातले दोन डागाळलेले, बाकी उत्तम."

या पत्रातला जो भाग मी अजून विसरलो नाही, तो गोळ्यांच्या यादीनंतरचा. सरांनी लिहिलं होतं की यानंतर पाऊस लागेल, तुमचं पुढचं पत्र मला केव्हा मिळेल सांगता येत नाही, तेव्हा मधल्या काळात काय काय होऊ शकतं ते आत्ताच लिहितो. ताप आला आणि घसा दुखला तर गोळी त्याच दिवशी बंद, पांढऱ्या पेशी मोजा. कार्बिमॅझोलनं क्वचित त्या अगदीच तळाला जातात आणि मग साधा घसा जीव घेतो. पेशी चार हजारांच्या वर असतील तर गोळी पुन्हा सुरू. अंगाला नुसती खाज आली तर घाबरू नका. नाडी साठच्या खाली गेली तर प्रोप्रॅनोलॉल निम्मं. वजन वाढून आळस यायला लागला, थंडी वाजायला लागली, तर कार्बिमॅझोल कमी करा, मला विचारत बसू नका.

असे सल्लागार थोडे. बाकीच्यांकडून उत्तर यायचं ते मी विचारलेल्या दिवसापुरतं असायचं. ते हातात पडेपर्यंत रोगी दुसरीकडेच पोचलेला. सर पत्र लिहायचे ते पोचण्याच्या दिवसानंतरचं.

आणि ते घडलंच. आषाढात ओढ्यांना पूर, बाईच्या वाडीचा साकव पाण्याखाली. नवरा डोक्यावर इरलं घेऊन, लांबच्या वाटेनं वळसा घालून चालत आला. बाईला ताप, घसा धरलाय. त्यानं गोळी आदल्या संध्याकाळीच बंद केली होती, कारण सरांच्या पत्रातलं ते वाक्य मी त्याला औषधाच्या पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. त्याच्याबरोबर गेलो. मुसळधार पावसात, पडवीत, बोटाला टोचून रक्त पिपेटमध्ये ओढलं, पातळ करून बाटलीत बंद केलं आणि रुग्णालयात येऊन काउंटिंग चेंबरमध्ये मोजलं. ६,२००. पेशी जागेवर होत्या. घसा पावसाळी होता. गोळी पुन्हा सुरू करा हा निरोप त्याच माणसाच्या हाती, त्याच वळशानं. बिचारा एका दिवसात ती वाट चारदा चालला.

गणपतीपर्यंत बाईचं वजन साडेचार किलो वाढलं, झोपेतली नाडी ७६ वर आली. आता खरा प्रश्न. इथं सरांचं आणि माझं जमेना.

सरांचं म्हणणं: परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासून हेच काम करतंय, बाई चाळिशीची आहे, किरणोत्सारी आयोडीन द्या आणि मोकळे व्हा. ऑपरेशनचा धोका कशाला? माझं म्हणणं: गाठ मोठी आहे, गुठळ्यागुठळ्यांची आहे, असल्या गलगंडाला आयोडीन जास्त लागतं, कदाचित दोनदा द्यावं लागतं, परिणामाला महिने लागतात. श्वासनलिकेवरचा दाब तोपर्यंत तसाच. गोळ्या आयुष्यभर चालवाव्या तर गुठळ्यांचा गलगंड गोळ्यांनी कायमचा शांत होत नाही, सोडल्या की उसळतो. आणि त्या विकत घ्यायला गिरणीचा पगार लागतो, तो बंद आहे. लालबागच्या खोलीत आता भावाचं बिऱ्हाड आहे. बाईला मुंबईला ठेवायचं कुठं, आणि पुन्हा पुन्हा तपासायला कोण नेणार?

सर्जनाला हातोडी दिसली की सगळीकडे खिळेच दिसतात, हे सर वर्गात म्हणायचे. या वेळी म्हणाले नाहीत. त्यांनी पतंगाच्या कागदावरची माझी नलिका पट्टीनं मोजली होती. सर्वांत अरुंद जागी ती किती उरलीय ते मिलिमीटरमध्ये लिहून, फिल्मवर पुन्हा ताडून पाहा म्हणाले. ताडून पाहिलं, जुळलं. मग त्यांनी होकार दिला, अटींसकट. रोगी माझ्या हाताखाली, निर्णय माझा, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण निर्णय घेतलाच आहे तर अर्धवट तयारीनं घ्यायचा नाही.

मी विचारलं, ल्युगॉल, म्हणजे आयोडीनचे थेंब, सुरू करू का? आम्हा सर्जनांचा तो जुना देव. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या प्लमर यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑपरेशनआधी आयोडीन द्यायला सुरुवात केली आणि असल्या ऑपरेशनांतलं मरण झपाट्यानं कमी झालं. दहा दिवस दुधातून थेंब दिले की ग्रंथी घट्ट होते, रक्त कमी सुटतं. कंपाउंडरनं बाटली तयारही ठेवली होती. सरांचं उत्तर एका शब्दाचं: नको. खाली कारण. पसरट, डोळे वटारणाऱ्या जातीच्या थायरॉइडमध्ये ते ठीक. गुठळ्यांच्या गलगंडात आयोडीन म्हणजे सरपण, आधीच जास्त बनवणाऱ्या गुठळीला आणखी कच्चा माल. कार्बिमॅझोल ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत, प्रोप्रॅनोलॉल त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर आणि नंतरही आठवडाभर, एकदम थांबवायचं नाही. बाटली कपाटात गेली.

स्वरतंतू ऑपरेशनआधी पाहून ठेवा, ही दुसरी अट. कान-नाक-घसावाला जवळपास नव्हता. बाईला उन्हाकडे पाठ करून बसवलं, कपाळावरच्या आरशानं ऊन तोंडात टाकलं, लांब दांड्याचा छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर शेकला (नाहीतर श्वासानं धूसर होतो), जीभ फडक्यात धरली आणि "ई" म्हणायला लावलं. दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ आल्या, दूर झाल्या. दोन्ही हलत होत्या. कागदावर लिहिलं, तारीख घातली.

दिवाळीनंतर भूलतज्ज्ञ कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून आले, आपली नळ्यांची बॅग घेऊन. त्यांना मी फिल्म दाखवली, आणि तो पतंगाचा कागदही. त्यांनी बॅगेतली सगळ्यांत बारीक नळीही उकळायला दिली आणि तीच शेवटी गेली. ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उजवी बाजू पूर्ण काढली, डावीचा मागचा तुकडा ठेवला, आवाजाचे मज्जातंतू दोन्हीकडे डोळ्यांनी पाहिले. गाठ औषधाच्या तराजूत १८० ग्रॅम भरली. मध्येच वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत दोन टॉर्चवर काम चाललं, ते नेहमीचंच.

भूल उतरल्यावर आवाज ऐकायचा असतो. मी विचारलं, "काय गो, नाव काय तुजा?" बाई डोळे न उघडता म्हणाली, "इसारलात काय, डॉक्टरांनू?" आवाज खणखणीत.

खाटेच्या उशाशी टाके कापायची कात्री दोरीनं बांधलेली होती, आत रक्त साचून श्वास कोंडला तर जागच्या जागी टाके उघडायला. तिचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती मुंग्या आल्या. गालावर टिचकी मारली तर ओठाचा कोपरा उडाला. कॅल्शियम कमी. हे सरांच्या पत्रात होतंच: कॅल्शियम ग्लुकोनेट दहा मिली, शिरेतून, अगदी सावकाश, नाडीवर बोट ठेवून. इंजेक्शनं आधीच आणून ठेवलेली होती. चार-पाच दिवसांत मुंग्या थांबल्या. फॉर्मॅलिनच्या बरणीतली गाठ मुंबईला गेली. रिपोर्ट साधा आला, कर्करोग नाही.

वर्षानं सरांनी वेन इंडेक्स पुन्हा भरून मागितला. नाडी ७२, धडधड नाही, वजन भरलेलं. थंडीच्या रकान्याला या वेळी सासूची साक्ष लागली नाही. डिसेंबर होता, बाई स्वेटर घालून आली होती. बेरीज शून्याच्याही खाली गेली. मी खुशीत कळवलं. सरांना खुशी झालेली दिसली नाही. उष्णता आवडण्याचे उणे पाच फार भरभरून दिलेत का ते पाहा, लिहिलं होतं. ग्रंथीचा तुकडा थोडाच उरलाय, आता उलट्या बाजूनं, म्हणजे संप्रेरक कमी तर पडत नाही ना, यावर लक्ष ठेवा. आवाज जाड होतो का, बद्धकोष्ठ आहे का, घोट्याचा रिफ्लेक्स सावकाश परततो का? सहा महिन्यांनी सीरम पाठवा. पाठवलं, नॉर्मल आलं. नवऱ्याची गिरणी काही त्याला परत घेईना. त्यानं गावातच काजूची कलमं लावली.

बेरीज कळवली त्याच पत्राच्या मागच्या पानावर मी एका दुसऱ्या रोग्याबद्दल विचारलं होतं, तीन महिने संध्याकाळचा ताप आणि पोटात फिरणारा गोळा असलेल्या एका खलाशाबद्दल. पोट उघडू का, असा माझा प्रश्न होता. उत्तरात सरांचे नऊ प्रश्न होते, आणि पहिला असा: त्याला दूध पचतं का, आणि ते कोणत्या जनावराचं, उकळलेलं की कच्चं?